तुपाविना येळवस

सुनेनं फोनवर यादी सांगितली, ती मी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर उतरवून घेतली. सगळी नोकरी शाळेत हजेरीपट भरण्यात गेली, त्यामुळे कुणी काही सांगायला लागलं की माझा हात आपोआप रकाने पाडतो. चार रकाने पाडले. सून: दूध नाही, दही-ताक नाही, लोणी-तूप नाही, मधसुद्धा नाही. तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई: गहू नाही. आतड्याचं दुखणं आहे, गव्हाच्या पिठाचा हात लागलेलंसुद्धा चालत नाही. नात, वय वर्षं चार: शेंगदाणा नाही. एकदा चिक्कीचा तुकडा खाल्ला तर ओठ सुजले आणि दवाखान्यात पळवावं लागलं. चौथा रकाना मुलाचा. त्यात मी 'सगळं चालतं' असं लिहिलं.

"जमेल ना आई एवढं? नाहीतर आम्ही आमचं आमचं घेऊन येतो," सून म्हणाली.

"न जमायला काय झालं? तुम्ही नुसते हात हलवत या," मी म्हणाले. फोन ठेवला आणि यादीकडे बघत बसले. दूध, गहू आणि शेंगदाणे काढून टाकले तर आमच्या नांदूरघाटच्या स्वयंपाकघरात मीठ आणि मिरची उरते.

येणार होते ते येळवसेला. पंचांगात तिला वेळ अमावस्या म्हणतात, थंडीतली अमावस्या, रानात हरभरा-ज्वारी उभी असते तेव्हाची. त्या दिवशी स्वयंपाक घरी करायचा आणि जेवायचं रानात. कडब्याची खोप करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पांडव. त्यांना नैवेद्य दाखवायचा आणि मग माणसांनी बसायचं. ज्याला शेत नाही त्यानं दुसऱ्याच्या शेतात जेवायचं. वाटेनं कुणी जाताना दिसला तर हाक मारून बसवायचं. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही.

आमचे हे वारल्यापासूनच्या तीन येळवशी मी त्या रिकाम्या गावात काढल्या, दार आतून लावून. पहिल्या वर्षी आळीतल्या चार घरांनी ओढून न्यायचा प्रयत्न केला. दुसऱ्या वर्षी दोघांनी विचारलं. तिसऱ्या वर्षी कुणी विचारलं नाही. एकट्या बाईला जेवायला बोलावताना लोकांच्या आवाजात एक मऊपणा येतो, तो मला सोसत नाही. स्वभावच तुसडा, त्याला औषध नाही. कुणी विचारलं नाही ते बरं झालं असं मी स्वतःला सांगितलं, आणि दुपारभर फार वाईट वाटत राहिलं.

यंदा तर अर्धी आळी आधीच ऊसतोडीला गेलेली. दिवाळी झाली की टोळ्यांच्या गाड्या भरतात आणि घरांना कुलपं लागतात. संध्याकाळी आमच्या बोळात दिवा लागायचा तो दोनच घरांत, एक माझ्या आणि एक आमचं शेत बटईनं, निम्म्या वाट्यानं करणाऱ्याच्या. त्याची बायको अधूनमधून येऊन बसायची. सारा गाव मला बाई म्हणतो, तशी तीही. तिला मी यादी वाचून दाखवली.

"दूद न्हाई, तूप न्हाई? मंग ती खाती तरी काय वो बाई?"

"झाडाचं येतं ते सगळं."

"आन् कावून असं? उपास हाय का कसला?"

"जनावराचं दूध त्याच्या वासराचं असतं, आपण घेऊ नये, असं तिचं म्हणणं आहे."

"म्हननं काय वंगाळ न्हाई," ती म्हणाली. "पर लई अवघड हाय."

तिनं एका वाक्यात मान्य केलं ते मान्य करायला मला पाच वर्षं लागली होती.

ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सून आमच्याकडे आली. मुलानं आधीच सांगून ठेवलं होतं की ती व्हीगन आहे. मी तो शब्द ऐकला आणि शहरातलं खूळ म्हणून सोडून दिला. पुरणपोळी केली. कणकेत तुपाचं मोहन घातलं, तव्यावर तूप सोडलं, आणि तिनं विचारलं तेव्हा म्हणाले, "तुझ्या तेलातल्या केल्यात गं." मला वाटलं, चव जिभेला लागली की खूळ आपोआप उतरेल. शाळेत किती पोरांना मी असं फसवून कडू औषध पाजलं होतं. तिनं दीड पोळी खाल्ली आणि थांबली. वास आला असेल. ओट्यापाशी आली, तव्याशेजारचं तुपाचं भांडं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"एवढ्या-तेवढ्यानं काय होतंय?" मी म्हणाले.

ती मागच्या दारी गेली आणि ओकली. भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं, भांडणात मी कुणाला हार जात नाही. रात्री मुलगा एवढंच म्हणाला, "आई, तुपाचं काही नाही. तू तिच्याशी खोटं बोललीस."

त्यानंतर ती आमच्या घरात माझ्या हातचं काही जेवली नाही. दोनदा आली, दोन्ही वेळा पिशवीत स्वतःचा स्टीलचा डबा. हे गेले तेव्हा तेरा दिवस राहिली, सगळ्यांचं केलं, माझं डोकं मांडीवर घेऊन बसली, पण जेवताना बाजूला होऊन आपल्या डब्यातलं जेवायची. तिनं कधी एक शब्द काढला नाही आणि मीही नाही. मग येणं कमी होत होत थांबलं. नात मला ठाऊक होती ती फोनच्या काचेतून. कापलेल्या केसांची, सारखी कुठेतरी पळत असणारी, 'आजी बाय' म्हणून फोन उलटा टाकणारी.

आता पाच वर्षांनी सुनेनं स्वतः फोन करून सांगितलं होतं, आम्ही येळवसेला येतो, माझ्या आईलाही रान बघायचंय. म्हणजे माझ्या हातचं जेवायला येतो. हे जमलं तर घराचं दार परत उघडणार होतं, नाही जमलं तर कायमचं लागणार होतं. मी काही भोळी नाही, मला हे नीट कळत होतं.

तर कामाला लागले.

आधी शेंगदाणा काढला. आमच्याकडे कूट घातल्याशिवाय भाजीला भाजी म्हणत नाहीत, आणि येळवसेच्या भज्जीत तर तो हवाच. भज्जी म्हणजे या दिवसांत रानात मिळेल ते सगळं एका पातेल्यात: हरभऱ्याचे सोले, तुरीचे दाणे, वाटाणा, गाजर, वांगं, मेथी, चिंचेचं पाणी, वरून बेसन. कुटाच्या जागी तीळ आणि कारळं भाजून घेतली. घरातले शेंगदाणे बरणीसकट बटईदाराच्या बायकोला देऊन टाकले आणि मिक्सरचं भांडं तीनदा धुतलं. तेल करडईचं, घाण्यावरचं आणलं.

मग गहू. येळवसेची खीर गव्हाची असते. ती मी ज्वारीच्या कण्यांची करायची ठरवली, गूळ घालून, आणि दुधाऐवजी खोबरं-खसखस वाटून. चष्मा लावून डब्याडब्यावरची बारीक अक्षरं वाचली. हिंगाच्या डबीवर गव्हाचं पीठ लिहिलेलं निघालं. इतकी वर्षं मी फोडणीत गहू घालत होते आणि मला पत्ता नव्हता. डबी उचलून माळ्यावर टाकली.

ज्वारी घेऊन गिरणीत गेले तर गिरणीवाला म्हणाला, "बाई, तुमच्या आदी मी गहूच दळलेत. किती झाडलं तरी धा-पाच चिमटी खाली बसतंयच. मी खोटं कावून बोलू?" त्याचं खरं बोलणं मला लागलं. परत आले आणि तुळशीची कुंडी ज्यावर ठेवलेली असते ते जातं मोकळं केलं.

जातं एकटीनं ओढायची वस्तू नाही. समोरासमोर दोघी बसतात, खुंट्यावर चार हात पडतात, तेव्हा ते फिरतं. लग्न होऊन आले तेव्हा समोर सासूबाई असायच्या. आता मी एकटी, उजवा खांदा दुखरा, चार मुठी पीठ निघेपर्यंत घामाघूम. मधूनच थांबायची तर घरात कसलाही आवाज नाही. रेडिओ लावला, पण त्यातली माणसं फारच आनंदात होती, म्हणून बंद केला. तिसऱ्या दिवशी बटईदाराची बायको आली, समोर बसली आणि खुंट्यावर हात ठेवला. त्या दुपारी दोन शेर पीठ निघालं. ती उठून गेली तेव्हा मला रडू आलं, कावून ते सांगता येणार नाही.

सगळ्यात अवघड होती आंबील. मडकंभर आंबील नसेल तर ती येळवस कसली, आणि आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक. ताकाशिवाय कशी करायची याचा दोन दिवस विचार केला, लिंबू पिळून बघितलं, चिंच घालून बघितली. काहीही जमेना. आणि मग एका सकाळी दात घासताना आठवलं की मी लहानपणी ताकाची आंबील प्यालेलीच नाही. माहेरी एकच म्हैस होती, दूध सगळं डेअरीला जायचं. आई पीठ आदल्या दिवशी पाण्यात कालवून चुलीच्या उबेला ठेवायची, ते आंबायचं, आणि सकाळी त्यात लसूण-मीठ-जिरं घालून उकळायची. आम्ही विचारायचो, आई, ताकाची आहे का गं? ती म्हणायची, तर काय, ताकाचीच. शेजारपाजारच्या पोरांत आमची मान खाली जाऊ नये म्हणून. आमची आई नसलेलं ताक आहे म्हणायची आणि मी असलेलं तूप नाही म्हणाले. हे लक्षात आल्यावर तोंडात ब्रश तसाच धरून मी बराच वेळ उभी होते.

आदल्या रविवारी रंगीत तालीम केली. पाच माणसांचा सगळा स्वयंपाक, माळ्यावरची पातेली काढून. एकट्या माणसाचा स्वयंपाक करून करून हाताला मोठ्या पातेल्याच्या मिठाचा अंदाज राहिला नव्हता. पहिली भज्जी खारट झाली, खीर लगद्यासारखी. ते मी पुढचे तीन दिवस खाल्लं. बटईदाराच्या घरी थोडं दिलं, त्यानं भज्जी खाऊन बायकोकडून निरोप पाठवला, "बाईंना म्हनावं पावनं यायच्या आदी मीठ लपवून ठिवा."

येळवसेच्या दिवशी सगळं जमलं. खरंच सगळं जमलं. पहाटे उठून पातेली ऑटोत घालून रानात नेली, बटईदारानं खोप आदल्या दिवशीच बांधलेली, बोरीच्या झाडाखाली. ज्वारी डोक्याएवढी आणि हरभरा गुडघ्याला. भज्जीचं झाकण उघडलं तर वासानं मलाच भूक लागली. यादी मी पदराला पिन लावून अडकवली होती. चारही रकाने एकदा डोळ्याखालून घातले. काही राहिलं नव्हतं.

मुलाचा फोन आला, "आई, चौसाळ्याला पोचलो. अर्धा-पाऊण तास." मी बटईदाराच्या बायकोला म्हणाले, चल, पाहुण्यांच्या आधी नैवेद्य उरकून घेऊ.

पांडवांचं पान वाढलं, तूप न घालता. त्यांना एक वर्ष कोरडं चालेल असं मी ठरवलं होतं. आंबील शिंपडून झाली. आणि मग मी दुसरं पान वाढायला घेतलं, ते ह्यांचं. अमावस्या आहे, आणि तीन येळवशी चुकवून मी रानात आले होते. ह्यांना तुपाशिवाय जेवण जायचं नाही. ताट पुढे आलं की आधी एक बोट भातावर टेकवायचे, तूप नसेल तर ते बोट तसंच वर धरून बसून राहायचे, तोंडानं एक शब्द नाही. मी कितीही संतापले तरी मला हसू यायचं. त्यांच्या पानापुरतं तूप मी घरून एका छोट्या डबीत आणलं होतं. चोरून नाही, विचार करून. त्यांचं पान वेगळं, त्याला यादीचा काय संबंध? खिरीवर तूप सोडलं, भज्जीवर सोडलं, भाकरीवर सोडलं. हात जोडले. तीन वर्षांचं काय काय मनात बोलत होते. दार लावून बसायची ते सांगितलं. नात येतेय ते सांगितलं. पाच-दहा मिनिटं तरी गेली असतील.

मग उठले आणि पान उचललं. आमच्या सासूबाईंची शिस्त होती: नैवेद्याचं पान परत पातेल्यात उतरवायचं, ढवळायचं, म्हणजे सगळं अन्न प्रसाद होतं. चाळीस वर्षं मी ते करत आले. पांडवांच्या पानातली खीर खिरीत, भज्जी भज्जीत. मग ह्यांच्या पानातली खीर खिरीत, भज्जी भज्जीत; पानांवरच्या भाकरी तेवढ्या कावळ्यांसाठी बांधावर ठेवल्या. पळीनं चांगलं खालून वर ढवळलं.

"बाई," बटईदाराची बायको म्हणाली.

खिरीवर तुपाचे बारीक पिवळे डोळे तरंगत होते.

मी पळी खाली ठेवली. पंधरा दिवस. हिंगाची डबी, जातं, खांदा. आणि शेवटी माझ्याच हातानं. आजूबाजूच्या रानांतून हसण्याचे, हाका मारण्याचे आवाज येत होते. सगळ्या शिवारात माणसंच माणसं होती, आणि ज्या माणसाच्या नादात मी हे केलं होतं तो कुठंच नव्हता.

बटईदाराची बायको पातेल्यावर वाकली, तिनं पळी घेतली आणि जोरात ढवळलं. डोळे दिसेनासे झाले. "बगा, गेलं. त्यांला काय कळतंय? एवड्या खिरीत चमचाभर तूप. तुमी गप ऱ्हावा, मी बी कुनाला सांगत न्हाई."

ती वाईट नव्हती. माझ्या कष्टांची तिला किंमत होती, अर्धं पीठ तिच्या हातचं होतं. आणि मी खोटं सांगणार नाही, मी त्या पातेल्याकडे बघून विचार केला. गूळ आणि खोबऱ्याच्या वासात तुपाचा वास बुडून गेला होता. सुनेला कळलं नसतं. ती जेवली असती, छान झालंय म्हणाली असती, पुढच्या वर्षी परत आली असती. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं असतं. लांब रस्त्यावर धूळ उठली आणि पांढरी गाडी बांधाकडे वळली.

नात आधी उतरली. मी हात पुढे केले तर आईच्या मागे लपली. मी वाकले तर विहीणबाई पाया पडू देईनात, मुलगा ज्वारीकडे बघत म्हणाला, "यंदा काय जोरात आलीय." सून पुढे झाली, वाकली. मी तिला वरच्यावर धरलं आणि तसंच दंडाला धरून सांगितलं, कारण जरा थांबले असते तर माझं धैर्य गेलं असतं.

"खिरीत आणि भज्जीत तूप गेलंय. माझ्या हातानं."

मुलाची मान झटकन वळली. त्याच्या चेहऱ्यावर तीच दिवाळी होती.

"कसं गेलं?" सुनेनं विचारलं.

"ह्यांचं पान वेगळं वाढलं होतं, तुपाचं. मग नैवेद्य झाल्यावर सवयीनं पातेल्यात उतरवलं. आत्ताच. मुद्दाम नाही गं. पण गेलंय."

ती खोपेकडे गेली. दोन रिकामी पानं तिथं होती, एकावर तुपाचा ओशटपणा. ती उभी राहून बघत होती. मला वाटलं, आता गाडीत जाऊन बसेल.

"भाकरी?" तिनं विचारलं.

"भाकरी स्वच्छ आहे. ठेचाही. आंबील वेगळ्या मडक्यात आहे, तुपानंतर तिला मी हात लावला नाही."

"आंबील तर ताकाची असते ना?"

"ही नुसत्या पिठाची. माझी आई करायची तशी."

बटईदाराच्या बायकोनं पितळी पेला भरून तिच्या हातात दिला. पांढरी, घट्ट, अगदी ताकासारखी दिसणारी आंबील. कुणीही म्हटलं असतं की ताक आहे. सुनेनं वास घेतला नाही, मुलाकडे बघितलं नाही, मला परत विचारलं नाही. पेला तोंडाला लावला आणि उभ्याउभ्या संपवला. ओठावरची पांढरी रेघ मनगटानं पुसली. "अजून द्या," ती म्हणाली.

मग पंगत बसली. गंमत अशी की जिच्यासाठी ती खीर केली ती सोडून सगळ्यांनी खाल्ली. विहीणबाईंनी तीन वाट्या घेतल्या, म्हणाल्या, किती वर्षांनी न घाबरता गोड खाल्लं. मुलानं भज्जीचं पातेलं खरवडलं. सुनेनं भाकरी, ठेचा आणि हरभऱ्याची कोवळी पानं कच्चीच खाल्ली, वर कांदा आणि मीठ. आंबील चार पेले. नात खिरीनं माखलेला हात घेऊन माझ्या शेजारी कधी येऊन बसली ते कळलंच नाही. तिनं माझ्या पदराच्या कॅलेंडरच्या कागदाला हात लावला, तिच्या नावाचा रकाना मी दाखवला. मग ती म्हणाली, "आजी, तू इथे एकटीच राहतेस?"

"हो."

"रात्रीपण?"

"रात्रीपण."

"मग तुला बोअर होत नाही?"

"नाही," मी म्हणाले. त्या दिवशीचं माझं तेवढंच खोटं.

चारला निघाले. पुण्याला पोहोचायला उशीर होतो, मुलाला सकाळी ऑफिस. मला माहीतच होतं, तरी मी बोरं निवडायला वेळ लावला, वाटाण्याच्या शेंगा पिशवीत भरताना पिशवी दोनदा बदलली. पिशवी गाडीत ठेवायला मागचं दार उघडलं तर सीटवर तो डबा होता. तोच, स्टीलचा, कापडी पिशवीतला. तेरा दिवस मी तो बघितला होता. झाकणाची कडी लावलेली, उघडलेला नाही.

सून माझ्या मागेच उभी होती. मी बघितलं ते तिनं बघितलं.

"निघताना करून घेतला होता," ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला. "म्हटलं, वेळेला असावा."

"बरं केलंस," मी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. तिची काही चूक नव्हती. मी तिच्या जागी असते तर दोन डबे आणले असते.

तिनं डबा उचलून माझ्या हातात दिला. "आता घरी जाऊन काही करत बसू नका, आई. दमलात. हेच खा."

गाडी चौसाळ्याच्या अंगाला दिसेनाशी झाली. बटईदार येळवसेच्या रिवाजानं कडब्याची पेंढी पेटवून पिकाभोवती फिरायची तयारी करत होता, त्याची बायको थांबा म्हणाली, पण मी थांबले नाही. पातेली घासून उद्या आणून द्या म्हटलं आणि पायी घरी आले. आळीत सगळी कुलपंच. लाईट लावली. तुळशीची कुंडी अजून जमिनीवरच होती, ती उचलून परत जात्यावर ठेवावी असं वाटलं, पण ठेवली नाही.

डबा उघडला. मटकीची उसळ आणि चार पोळ्या. पोळ्या कोरड्या, प्रवासात कडा कडक झालेल्या. ताट घेतलं, पोळी वाढली, आणि माझा हात फडताळातल्या तुपाच्या भांड्याकडे गेला. झाकण निघालंही होतं. घरात बघायला कुणी नव्हतं, विचारायला कुणी नव्हतं.

झाकण परत लावलं आणि भांडं आत सरकवलं. चारही पोळ्या कोरड्याच खाल्ल्या.